देव, एलील आणि केडगावच्या पंडिता

मराठीत एक मोठा मजेशीर वाक्प्रचार आहे, 'देव पाण्यात घालून बसणे'. मॅचच्या शेवटच्या ओव्हरला, दहावीच्या निकालाला, झालंच तर प्रॉडक्शन रिलीजच्या आदल्या रात्री अख्खी टीम देव पाण्यात घालून बसलेली असते. मूळ प्रथा खरीच होती. घरावर संकट आलं की देवघरातले देव पाण्यात ठेवायचे आणि काम झालं की बाहेर काढायचे. म्हणजे थोडक्यात भक्ताने देवाला ओलीस ठेवायचं! (काही प्रोजेक्ट मॅनेजरांनाही हे तंत्र अवगत असतं, पण तो विषय वेगळा.)

आता यातला 'देव' हा शब्द जरा नीट बघा. पाण्यात घातलेला देव म्हणजे पितळेची मूर्ती किंवा चांदीचा टाक. आणि ज्याने काम करायचं आहे तो देवही देवच. 'देव घासून ठेवलेत' आणि 'देव बघून घेईल' या दोन वाक्यांत एकच शब्द दोन कामं करतो. आमच्या भाषेत याला ओव्हरलोडिंग म्हणतात. मराठी माणूस यात कधी गोंधळत नाही, संदर्भावरून अर्थ आपोआप कळतो. पण हाच शब्द घेऊन एखाद्या परक्या ग्रंथाचं भाषांतर करायला बसलात, आणि तो ग्रंथच मुळी खरा देव कोण आणि खोटा कोण या वादावर उभा असला, तर?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात एक बाई नेमकं हेच काम करत बसल्या होत्या. समोर हिब्रू बायबल, शेजारी कोश, आणि भोवती दुष्काळातून वाचलेल्या शेकडो बायका-मुली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आजचा लेख एका हिब्रू शब्दाबद्दल आहे, पण तो शब्द रमाबाईंच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचला तरच नीट कळतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगतोय.

केडगाव, पण दौंडचं

केडगाव म्हटलं की बऱ्याच जणांना नगरजवळचं (आताच्या अहिल्यानगरजवळचं) केडगाव आठवतं. हे ते नव्हे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालात की उरुळी, यवत सोडल्यावर दौंडच्या अलीकडे लागतं ते हे केडगाव. इथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि १८९८ मध्ये 'मुक्ती' उभं केलं. संस्था आजही आहे. गंमत म्हणजे याच केडगावात नारायण महाराजांचं बेट आहे, दत्ताचं प्रसिद्ध स्थान.

एकूणच हा सगळा पट्टा देवांनी गजबजलेला आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दौंड तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा ओलांडली की पलीकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक. आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत याच तालुक्यातून पंढरपूरला जाते. रांजणगावची एक लोकप्रिय आख्यायिका तर अशी, की आपण दर्शन घेतो ती मूर्ती खरी नव्हेच. दहा सोंडा आणि वीस हात असलेली मूळची मूर्ती खाली तळघरात दडवलेली आहे. म्हणजे दिसतो तो देव आणि खरा देव यांत अंतर असतं, ही कल्पना इथल्या माणसाला नवी नाही. अशा मुलखात बसून रमाबाई मूर्तींविरुद्ध तुटून पडणारा ग्रंथ मराठीत आणत होत्या.

मराठी आणि हिब्रूची जुनी ओळख

हिब्रू आणि मराठीची गाठ तशी जुनी. कोकणातले बेने इस्राएल लोक शतकानुशतकं मराठी बोलत आले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. हिब्रू भाषा ते जवळपास विसरले होते, पण 'शेमा' ही प्रार्थना टिकून होती. देव एकच आहे हे सांगणारी ती प्रार्थना. भाषा गेली, लिपी गेली, ग्रंथ गेले, आणि एवढा एक मुद्दा राहिला.

पुढे मिशनरी आले. विल्यम केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये छापला, तोही मोडी लिपीत. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचं काम पुढे नगर जिल्ह्यात पसरलं आणि शिरूर हे त्यांचं एक ठाणं झालं. मुंबईत जॉन विल्सनने १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. तेव्हा रमाबाई कामाला बसल्या त्या वेळी मराठी बायबल अस्तित्वात होतंच. मग त्यांनी नवीन का करावं? कारण जुनं भाषांतर त्यांना जड वाटत होतं. संस्कृत शब्दांनी भरलेलं, खेड्यातल्या बाईला न कळणारं. ज्या बाईला संस्कृतच्या ज्ञानावर कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, तीच म्हणत होती की संस्कृत कमी करा! भाषेवर खरी पकड असलेला माणूसच सोपं लिहायला घाबरत नाही.

एलोहीम : अनेकवचनी एक

आता शब्दाकडे. बायबलच्या पहिल्याच वाक्यात देवासाठी हिब्रू शब्द येतो 'एलोहीम'. यातला 'ईम' हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे रूप बघितलं तर अर्थ होतो 'देव लोक'. पण त्याच्यासोबतचं क्रियापद 'बारा' (निर्माण केलं) मात्र एकवचनी. कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी! कंपायलरने एरर द्यावी अशी ही जोडी आहे, आणि हिब्रूत ती शेकडो वेळा येते.

दुसरीकडे सोन्याच्या वासराची गोष्ट बघा. मोशे डोंगरावर गेलेला, लोक कंटाळलेले, आणि अहरोन दागिने वितळवून वासरू बनवतो. मग त्या एकाच वासराकडे बघून लोक म्हणतात की आम्हाला मिसर देशातून बाहेर काढणारे देव ते हेच. इथेही शब्द एलोहीमच, पण क्रियापद अनेकवचनी. शब्द तोच, फक्त क्रियापदाने बाजू बदलली. (नियम शंभर टक्के पाळलेला नाही, अपवाद आहेत. पण कल हाच आहे.)

इंग्रजीत हे आणणं कठीण. तिथे खऱ्या देवाला मोठं अक्षर आणि बाकीच्यांना छोटं अक्षर असली युक्ती करावी लागते. मराठीत मात्र आयती सोय आहे! 'देव' या शब्दाचं अनेकवचनही 'देव'च. 'देव पावला' आणि 'देव पावले'. नाम जसंच्या तसं, फरक क्रियापदात. हिब्रूसारखंच, नाही का? त्यात आपल्याकडे आदरार्थी बहुवचनही आहे, त्यामुळे 'देव पावले' म्हटलं तरी एकच देव असू शकतो. एलोहीमचं अनेकवचन मोठेपणा दाखवण्यासाठी आहे असं बरेच अभ्यासक मानतात. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. मराठी माणसाला 'बाबा आले' म्हटलं की कळतं, त्यात विशेष काही नाही.

शिरूरचा गोरा देव

एलोहीम या शब्दाची व्याप्ती किती? भलतीच मोठी. इस्राएलचा देव एलोहीम, शेजारच्या राष्ट्रांचे देव एलोहीम, आणि एका जागी तर मेलेल्या माणसाचं भूतसुद्धा एलोहीम! शौल राजा लढाईआधी घाबरून एन-दोर गावच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलवायला सांगतो. जमिनीतून वर येणारी आकृती बघून ती बाई जे ओरडते त्यात शब्द आहे एलोहीम. भाषांतरकारांची इथे मोठी पंचाईत होते.

मला मात्र हे वाचताना शिरूर आठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरूरला (म्हणजे घोडनदीला) कंपनी सरकारची मोठी छावणी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतली कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती इथूनच. त्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि त्याला तिथेच पुरलं. पुढे काय झालं ते १८८५ सालच्या पुणे गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानायला लागले. थडग्यापाशी धूप जाळायचे, सुगीला शेतातली पहिली कणसं नैवेद्य म्हणून आणायचे. त्याला विसरलं तर तो त्रास देतो, अशी समजूत. हायलँडर पलटणीतला एक स्कॉटिश अधिकारी, घोडनदीच्या काठी झाला देव!

हसू येतं खरं, पण जरा थांबा. त्या शेतकऱ्याला कोणी विचारलं असतं की बाबा, हा विठोबासारखा देव आहे का, तर तो 'नाही' म्हणाला असता. त्याच्या लेखी 'देव' या शब्दात बऱ्याच पायऱ्या होत्या. पंढरीचा विठोबा वर, मग खंडोबा, भैरोबा, मग गावची मरीआई, बांधावरचा म्हसोबा, आणि अगदी खाली हा साहेब. जगात आपल्याहून ताकदवान, न दिसणारं जे जे काही आहे ते सगळं या एका शब्दात मावत होतं. एन-दोरच्या बाईचा एलोहीमही याच अर्थाचा. म्हणजे बायबलमधला हा शब्द मुळात 'एकमेव परमेश्वर' असा नाहीच. तो एक वर्ग आहे, 'अदृश्य जगातली बलवान मंडळी' असा. मग त्यातला खरा कोण हे शब्दावरून ठरत नाही. ते दुसऱ्या कशावरून तरी ठरवावं लागतं. कशावरून? इथे आपला आजचा शब्द येतो.

एलील

हिब्रूत मूर्तीसाठी शब्दांचा तुटवडा नाही. कोरलेली, ओतलेली, घडवलेली असे वेगवेगळे शब्द आहेत. यहेज्केल संदेष्ट्याचा लाडका शब्द तर शेणाच्या गोळ्याच्या जवळ जाणारा आहे, तो राहू दे. पण सगळ्यांत रंजक शब्द आहे 'एलील', अनेकवचन 'एलिलीम'.

एलोहीम आणि एलिलीम. मोठ्याने म्हणून बघा. कानाला किती जवळचे वाटतात! हा योगायोग नाही, मुद्दाम केलेली कोटी आहे. ९६ व्या स्तोत्रात हे दोन शब्द एका ओळीत शेजारी आणून बसवलेत. इतर राष्ट्रांचे जे एलोहीम आहेत ते एलिलीम आहेत, अशा अर्थाची ती ओळ आहे. एखाद्या 'साहेबा'ला मराठीत कोणी 'सायबुकला' म्हणावं तसा प्रकार. हबक्कूक तर पुढे जाऊन 'एलिलीम इल्लेमीम' असा ठेका धरतो, म्हणजे मुके एलील.

आता या शब्दाचा अर्थ काय? इथे खरी गंमत आहे. हा शब्द जुन्या करारात वीसेक वेळा येतो, त्यातला निम्मा वापर एकट्या यशयाचा. आणि दोन ठिकाणं अशी आहेत जिथे मूर्तीचा काहीही संबंध नाही.

पहिलं ठिकाण ईयोबाच्या पुस्तकात. ईयोबाचं सगळं गेलेलं, मुलं मेलेली, अंगभर फोड. मित्र सांत्वनाला येतात आणि प्रवचन झोडतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. तेव्हा ईयोब वैतागून त्यांना म्हणतो की तुम्ही सगळे एलील वैद्य आहात. म्हणजे कुचकामी डॉक्टर. रोगी समोर मरतोय आणि हे नाडी धरून भाषण देतायत.

दुसरं ठिकाण जखऱ्याच्या पुस्तकात. तिथे आहे एलील मेंढपाळ. कळप सोडून पळणारा, बिनकामाचा.

बघा, डॉक्टर दगडाचा नाही, मेंढपाळ लाकडाचा नाही. दोघंही हाडामांसाचे, चालते-बोलते आहेत. तरी एलील. कारण या शब्दाचा रोख वस्तू कशाची बनली आहे यावर नाहीच. ज्याच्यावर विसंबलो तो नेमक्या वेळी उपयोगी पडला नाही, हा त्याचा अर्थ. ऐन गरजेला फेल गेलेला आधार.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द मला सापडला तो म्हणजे 'गुळाचा गणपती'. हा आपण गणपतीबद्दल कधीच म्हणत नाही, माणसाबद्दल म्हणतो. दिसायला सगळं आहे, उपयोग काही नाही.

भाषांतरात काय हरवलं

आता हा शब्द प्रवास करत कुठे कुठे गेला ते पाहा. इसवी सनापूर्वी यहुद्यांनी बायबलचं ग्रीक भाषांतर केलं, त्यात ९६ व्या स्तोत्रातल्या एलिलीमचं झालं 'दाइमोनिया', म्हणजे भुतं, दैत्य. अर्थ एकदम उलटा! हिब्रू म्हणत होतं की यांच्यात काही दम नाही, ग्रीक म्हणायला लागलं की यांच्यात भयंकर शक्ती आहे, सांभाळून. पुढे इंग्रजीत त्याच जागी मूर्ती या अर्थाचा शब्द आला, आणि मराठीतही साधारण तोच रस्ता धरला गेला.

इथे माझ्या मते मोठा घोळ झाला. कारण 'मूर्ती' हा मराठीत वाईट शब्दच नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्यागाची मूर्ती. मूर्तिमंत उदाहरण. मराठी माणसाला कोणी सांगितलं की 'तुमचे देव म्हणजे नुसत्या मूर्ती', तर तो शांतपणे म्हणेल, 'अहो, मूर्तीच आहेत, आम्ही कधी नाही म्हटलं?' आपण गणपती आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दीड, पाच किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा करून पाण्यात सोडतो. माती म्हणजे माती आणि देव म्हणजे देव, हे विसर्जनाला नाचणाऱ्या पोरालाही माहीत असतं. नामदेवांची गोष्टही हेच सांगते. विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेत, नामदेव रागावतात, तर विसोबा म्हणतात, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. मूर्तीची मर्यादा सांगायला आपल्याला बाहेरून कोणी यायची गरज नव्हती.

म्हणजे भाषांतरात वार चुकला. हिब्रू शब्दाने विचारलेला प्रश्न 'तुझा देव दगडाचा आहे का?' हा नव्हता. प्रश्न होता, 'तुझ्या वाईट दिवसांत तो कामाला आला का?' हा प्रश्न जास्त बोचरा आहे. आणि तो कोणालाही विचारता येतो.

पंडितेचा दुष्काळ

हा प्रश्न रमाबाईंना कोशात शोधावा लागला नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विरोध सहन करावा लागला. पुढे सगळी मालमत्ता गेली आणि कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करू लागलं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. या दिवसांबद्दल रमाबाईंनी नंतर लिहिलंय, विशेषतः १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात. जवळ होतं ते देवाला वाहिलं, ब्राह्मणांना दान केलं, उपास केले, अनुष्ठानं केली. देव प्रसन्न होईल म्हणून वाट बघितली. पैसे संपले, भांडी विकली, मग पानं खाल्ली. मजुरी करायची लाज, भीक मागायची लाज. वडील गेले, आई गेली, बहीणही गेली. उरली दोन भावंडं. ती पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली.

यात नुसता देवाचा दोष काढणं सोपं आहे, पण पूर्ण चित्र तेवढंच नाही. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात लाखो माणसं मरत होती आणि धान्याची निर्यात चालूच होती. लोकांना वाचवण्याची ताकद ज्या सरकारकडे होती, ते सरकार हिशेबाची वही धरून बसलं. ईयोबाच्या भाषेत तेही एलील वैद्यच. शास्त्र पढलेल्या घराला एकही पोट भरण्याची विद्या न देणारी व्यवस्था, तीही त्याच यादीत.

पुढचं आयुष्य धावतं सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना माहीत आहे. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, दीड वर्षात तेही गेले. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यात, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो यावरून 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. निधर्मी शाळा म्हणून लोकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यामुळे त्यांचा राग अगदी अनाठायी होता असं म्हणवत नाही. हा वाद आजही दोन्ही बाजूंनी तावातावाने घालता येतो.

पण म्हणून रमाबाई मिशनऱ्यांच्या होयबा होत्या असं समजू नका. इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्यानंतर त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डीनला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. क्रूसावर लॅटिन अक्षरंच कशाला, संस्कृत काय वाईट, असा वाद त्यांनी घातला. त्रैक्याच्या सिद्धांतावर घातला. शाकाहार सोडला नाही. एक देवघर सोडून दुसऱ्या देवघरातल्या टाकांपुढे मुकाट्याने डोकं टेकवायला ही बाई तयार नव्हती. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलातल्या कारभारावर त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली, गोऱ्या सरकारची भीड न ठेवता.

आणि मग पुन्हा दुष्काळ. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, १९०० मध्ये गुजरातेत. या वेळी रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि बायका-मुलींना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं होती. वीस वर्षांपूर्वी जी मुलगी स्वतः पानं खाऊन जगली, ती आता दोन हजार पोटांची सोय बघत होती.

८२ वं स्तोत्र म्हणून एक विलक्षण स्तोत्र आहे. त्यात देव एलोहीमांच्या सभेत उभा राहून बाकीच्या एलोहीमांवर खटला चालवतो. आरोप काय? दुबळ्यांना आणि अनाथांना तुम्ही न्याय दिला नाही, गरिबाला वाचवलं नाही. शिक्षा काय? तुम्ही एलोहीम असलात तरी माणसांसारखे मराल. म्हणजे देवपण टिकवायची अट इथे उघड सांगितली आहे. अनाथाला वाचवलं नाही तर पद जाणार! केडगावच्या त्या अंगणात बसून हे स्तोत्र भाषांतरित करताना त्याचा अर्थ कसा लागत असेल, याची कल्पना करून बघा.

कोण कोणाला उचलतं

यशयाच्या पुस्तकात एक चित्र आहे. बाबेल पडतंय, आणि तिथले बेल आणि नबो हे मोठमोठे देव गुरांच्या पाठीवर लादून पळवावे लागतायत. जनावरं थकून वाकलीत. आणि इस्राएलचा देव लोकांना म्हणतो की मी मात्र तुम्हाला पोटात असल्यापासून उचललं आणि केस पांढरे होईपर्यंत उचलीन. एका बाजूला उचलावा लागणारा देव, दुसऱ्या बाजूला उचलणारा देव.

आता यवत-वरवंडच्या रस्त्यावर पालखी वाहणाऱ्या वारकऱ्याला हे ऐकवलं तर तो काय म्हणेल? मला वाटतं तो वाद घालणारच नाही. तो म्हणेल, बरोबर आहे, आमचाही उचलतोच की! जनाबाईसोबत दळायला बसतो, श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी कावडीने पाणी भरतो. पालखी आम्ही हौसेने उचलतो, ओझं तो उचलतो. म्हणजे देवाची कसोटी दोन्हीकडे एकच निघाली. तो ओझं उचलतो का?

ही कसोटी दुधारी आहे हेही सांगायला हवं. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं, देऊळ पाडलं, लोकांना धरून नेलं. तेव्हा शेजारी हाच प्रश्न यहुद्यांना विचारत होते, कुठाय तुमचा देव? तो प्रश्न त्यांनी लपवला नाही, स्तोत्रांमध्ये लिहून ठेवला. दुसऱ्याच्या देवाला एलील म्हणणाऱ्यांना स्वतःच्या देवाबद्दल तेच ऐकावं लागलं, आणि उत्तर पटकन मिळालं नाही. रमाबाईंनाही सगळी उत्तरं मिळाली असं नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. तरी काम थांबलं नाही.

मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता. टाइप जुळवणं, छपाई, बांधणी ही सगळी कामं तिथल्या बायकाच करत. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींच्या हातांनी हिब्रूवरून थेट मराठीत आलेलं बायबल जुळवलं जात होतं. मुक्तीत असं सांगतात की रमाबाईंनी शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंतच आयुष्य मागितलं होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. एका बाईने मूळ भाषांमधून संपूर्ण बायबलचं भाषांतर करण्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यातलं एक दौंड तालुक्यातलं आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण त्या स्टेशनवरून झोपेत निघून जातात.

असो. एलील हा शब्द एकदा कळला की तो देवळापुरता राहत नाही. ज्याच्यावर सगळा भार टाकलाय ते ऐन वेळी उभं राहणार आहे का, हा प्रश्न ईएमआय फेडणाऱ्या, ईसॉप्सच्या आकड्यांकडे बघून रात्री झोपणाऱ्या आपल्यासारख्यांनाही लागू आहे. तुम्ही कुठल्या देवाला मानता, की कुठल्याच मानत नाही, याने फारसा फरक पडत नाही. पाण्यात घालून बसायला प्रत्येकाचा काही ना काही देव असतोच. तो पावेल की गुळाचा निघेल, हे दुष्काळातच कळतं.

पुढच्या वेळी सोलापूरच्या गाडीत असाल तर केडगावला खिडकीतून बाहेर बघा. तूर्तास इतकंच.